सोल्डरिंग स्टेशन घ्यायचंय? दीड हजाराचं आणि पंधरा हजाराचं यांत नेमका फरक काय

दोन वर्षांपूर्वी निफाडजवळ राहणाऱ्या माझ्या मामेभावाच्या द्राक्षबागेतलं पंपाचं ऑटो स्टार्टर बंद पडलं. त्यातलं कार्ड नाशिकला माझ्याकडे आलं, कारण नातेवाइकांत 'इलेक्ट्रॉनिक्सवाला' मीच. दोष सापडायला दहा मिनिटं लागली. रिलेच्या एका पायाला ड्राय सोल्डर झालं होतं. काम दोन मिनिटांचं.

माझ्याकडे तेव्हा २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न होतं. रिलेचा पाय जाड आणि त्याच्याखाली तांब्याचा रुंद पट्टा. आयर्न टेकवलं, सोल्डर वितळेना. जरा दाबलं, अजून थांबलो. वीस-पंचवीस सेकंदांनी सोल्डर कसंबसं हललं, आणि त्याच्यासोबत बोर्डवरचं तांब्याचं पॅडही उचकटून वर आलं. पुढचा ट्रॅकही गेला. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "दादा, सरळ नवीन कार्ड घेतलं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवस बाग बिनपाण्याची राहिली."

तेव्हा मला वाटलं, आयर्न फार गरम झालं म्हणून पॅड उचकटलं. खरं कारण उलटं होतं. जोडापर्यंत पुरेशी उष्णता पोचत नव्हती, म्हणून आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवावं लागलं, आणि त्या वेळात पॅडला बोर्डशी धरून ठेवणारा चिकटपणा संपला. स्वस्त आणि महाग स्टेशनमधला फरक समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते.

तापमान वेगळं, उष्णता वेगळी

भाकरी करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पातळ पत्र्याचा तवा पटकन तापतो, पण त्यावर थंड भाकरी पडली की लगेच थंडावतो. बिडाचा जाड तवा तापायला वेळ घेतो, पण भाकरी टाकल्यावर त्याला फारसा फरक पडत नाही. आता तवा पातळच आहे पण खाली आच मोठी आहे, असं असेल तरी काम भागतं, कारण गेलेली उष्णता लगेच भरून निघते.

सोल्डरिंगमध्ये तवा म्हणजे बिट, आच म्हणजे हीटर आणि भाकरी म्हणजे तुमचा जोड. आपल्याकडे नेहमी वापरली जाणारी ६०/४० तार (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. ६३/३७ तार बरोबर १८३ अंशांना एकदम वितळते, मधली लगद्यासारखी अवस्था येत नाही. मग बिट ३२० ते ३५० अंशांवर का ठेवायची? कारण टेकवल्याक्षणी ती थंड होते. किती थंड होते आणि किती लवकर सावरते, यावर सगळा खेळ आहे.

एक ढोबळ हिशोब करून बघू. समजा बिटचं वजन ५ ग्रॅम आहे. ५ ग्रॅम तांबं एक अंशाने तापवायला जवळपास २ ज्यूल लागतात. रिलेखालचा तांब्याचा पट्टा सेकंदाला ४० ज्यूल ओढतोय आणि हीटरकडून बिटच्या टोकापर्यंत सेकंदाला २० ज्यूलच पोचतायत, असं धरा. म्हणजे दर सेकंदाला २० ज्यूलची तूट. बिट सेकंदाला १० अंशांनी थंड होणार. पाच सेकंदांत ३५० चे ३०० अंश. जोडापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं अजून घटतं. छोट्या रेझिस्टरच्या पायाला हे जाणवतही नाही. जाड पायाला मात्र सोल्डर नुसतं चिखलासारखं होऊन बसतं.

बाजारात मिळतं काय?

दुकानात किंवा ऑनलाइन शोधलंत तर ढोबळ चार प्रकार दिसतील. दर बदलत राहतात, त्यामुळे आकडे अंदाजासाठीच घ्या.

*पहिला प्रकार: साधं आयर्न.* २५ वॅटचं सोल्ड्रॉन आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी वापरलंय. दोन-तीनशे रुपयांत काम सुरू होतं. यात तापमानावर कोणाचंच नियंत्रण नसतं. शिवाय हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. २३० व्होल्टला २५ वॅट देणारं आयर्न २०० व्होल्टला १९ वॅटच देतं. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की "आज आयर्न गरमच होत नाही" असं वाटतं, ते म्हणूनच.

*दुसरा: ९३६ पद्धतीचं स्टेशन.* जपानच्या हाको कंपनीचं ९३६ हे मॉडेल इतकं गाजलं की मूळ मॉडेल बंद झालं तरी त्याच्या नकला जगभर बनत राहिल्या. साधारण दीड ते तीन हजारांत मिळणारी बहुतेक स्टेशनं याच घराण्यातली. २४ व्होल्टचा हीटर, सोबत सेन्सर, २०० ते ४८० अंशांची रेंज.

*तिसरा: टी१२ कार्ट्रिजवाली स्टेशनं.* टी१२ ही मूळ रचनाही हाकोचीच. तिच्यावर आधारलेली चिनी स्टेशनं तीन ते पाच हजारांच्या घरात मिळतात. याच धर्तीचं पण वेगळ्या कार्ट्रिजचं, यूएसबी-सी चार्जरवर चालणारं पाइनसिलही हौशी मंडळींत लोकप्रिय आहे.

*चौथा: नामांकित कंपन्यांची अस्सल स्टेशनं.* हाकोचं एफएक्स-८८८डी दहा हजारांच्या पुढे जातं. बार्सिलोनाच्या जेबीसीसारख्या कंपनीचं स्टेशन घ्यायचं तर अर्ध्या लाखाच्या आसपास तयारी ठेवावी लागते.

आत डोकावलं की फरक कळतो

९३६ च्या हँडलमध्ये सिरॅमिकची एक कांडी असते. तिच्यातच हीटर आणि सेन्सर दोन्ही. त्या कांडीवर पोकळ बिट टोपीसारखी बसते. कांडी आणि बिट यांच्यामध्ये हवेची बारीक फट राहते, आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक. अस्सल बिट नेमक्या मापाची असल्यामुळे ती फट कमी असते. शंभर रुपयांच्या आतली नकली बिट सैल बसते, फट वाढते.

आता सेन्सर कुठे आहे ते लक्षात घ्या. तो कांडीत आहे, टोकाला नाही. जाड जोडावर काम करताना टोक ३०० वर आलेलं असतं, आणि डिस्प्ले निवांतपणे ३५० दाखवत असतो. आकडा खोटा नसतो, तो फक्त भलत्या जागेचा असतो. म्हणून "डिजिटल आहे, एक अंशाचाही फरक पडत नाही" असं दुकानदार म्हणाला तर ऐकून घ्यायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा.

टी१२ आणि जेबीसीच्या सी२४५ कार्ट्रिजमध्ये बिट, हीटर आणि सेन्सर एकाच तुकड्यात, टोकाच्या अगदी जवळ बसवलेले असतात. मधली फट नाही. टोक थंडावलं की सेन्सरला ते झटकन कळतं आणि कंट्रोलर पूर्ण ताकद सोडतो. सी२४५ कार्ट्रिज दोन सेकंदांत ३५० अंशांवर येते, असा जेबीसीचा दावा आहे. मघाच्या हिशोबात सेकंदाला २० ज्यूलची जी तूट होती, ती इथे जवळपास उरतच नाही.

यात एक गंमत आहे. हाकोचं एफएक्स-८८८डी महाग असलं तरी त्याची रचना ९३६ च्याच वळणाची आहे: सिरॅमिक कांडी आणि वर पोकळ बिट. त्यामुळे जाड जोडावर चार हजारांचं चांगलं टी१२ स्टेशन त्याच्या पुढे जाऊ शकतं. मग जास्तीचे पैसे कशाचे? ते घडणीचे: नेमक्या मापाची बिट, जाड आणि एकसारखं प्लेटिंग, मऊ राहणारी केबल, भरवशाचं अर्थिंग, आणि पाच वर्षांनीही मिळणारे सुटे भाग.

टी१२ घेताना वॅटच्या आकड्याला फसू नका. कार्ट्रिजचा रेझिस्टन्स साधारण ८ ओहम असतो. २४ व्होल्टवर ती ७२ वॅट देते. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर ४५ वॅट, आणि १२ व्होल्टवर फक्त १८ वॅट. खोक्यावर '७२ वॅट' छापलेलं असलं तरी आत किंवा सोबत २४ व्होल्टचा पुरेसा सप्लाय आहे का, ते आधी बघा.

जिथे काटकसर नको: अर्थिंग

बिट थंड पडली तर काम बिघडतं. अर्थिंग नसेल तर पार्टही जातो आणि कधी माणसालाही धोका होतो. अर्थिंग नसलेल्या २३० व्होल्टच्या आयर्नच्या टोकाला टेस्टर लावलात तर तो मंद पेटलेला दिसू शकतो. करंट अगदी थोडा असतो, पण मॉसफेटच्या गेटला किंवा नाजूक सेन्सरला तेवढाही पुरतो. हिवाळ्यात निफाड-नाशिककडची हवा थंड आणि कोरडी होते, तेव्हा अंगावरच्या स्टॅटिकची भर पडते ती वेगळीच.

चांगल्या स्टेशनमध्ये बिटचं टोक थेट अर्थला जोडलेलं असतं. हाको आपल्या स्टेशनांसाठी टोक ते अर्थ २ ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्स सांगते. स्वस्त नकलांमध्ये तीन पिनांची प्लग असते, पण अर्थची वायर आत कुठे जोडलेलीच नसते, असंही आढळतं. पाइनसिलसारखं आयर्न दोन पिनांच्या चार्जरवर चालवलं तर त्यालाही अर्थ मिळत नाही.

आणि स्टेशन कितीही भारी घ्या, घरातल्या सॉकेटलाच अर्थ नसेल तर उपयोग शून्य. जुन्या नाशिकमधल्या वाड्यात राहत असाल तर स्टेशनच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉकेटला तीन भोकं आहेत याचा अर्थ तिसऱ्या भोकामागे वायर आहे असा होत नाही.

दुकानात पाच मिनिटांची परीक्षा

एम. जी. रोडला जा, पुण्याच्या बुधवार पेठेत जा, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. खिशात मल्टिमीटर आणि घरगुती वायरिंगच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा सोललेला तुकडा ठेवा.

१. हँडलच्या कनेक्टरच्या पिना मोजा. ९३६ पद्धतीत पाच असतात: दोन हीटरच्या, दोन सेन्सरच्या, एक अर्थची. हँडलला नुसत्या दोन वायरी जात असतील आणि नॉब फिरवल्यावर 'तापमान' बदलत असेल, तर तो बहुधा पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर आहे. टी१२ ला हा नियम लावू नका, तिथे हीटर आणि सेन्सर त्याच दोन वायरींवर चालतात.

२. स्टेशन बंद आणि प्लग सॉकेटबाहेर असताना मल्टिमीटरची एक काडी बिटच्या टोकाला आणि दुसरी प्लगच्या मोठ्या पिनला लावा. दोन-चार ओहम दाखवले तर ठीक. काहीच दाखवलं नाही तर ते स्टेशन तिथेच ठेवा.

३. स्टेशन ३५० वर लावा आणि तांब्याच्या वायरला बिट टेकवून सोल्डर किती सेकंदांत पसरतं ते बघा. दोन स्टेशनांत निवड करायची असेल तर तोच तुकडा थंड करून दुसऱ्यावर लावा. डिस्प्लेपेक्षा ही चाचणी जास्त खरं सांगते.

४. या मापाची बिट किंवा कार्ट्रिज सुटी मिळते का, आणि कितीला, ते विचारा. बिट न मिळणारं स्टेशन म्हणजे रिफिल न मिळणारं पेन.

बिटची कल्हई

तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिकची पूर्वीपासून ओळख आहे. भांडी बाजाराच्या आसपास वाढलेल्यांनी कल्हईवाला बघितला असेल. तो भांडं तापवतो, नवसागर टाकून काळा थर काढतो आणि लगेच कथील फिरवतो. चकचकीत थर बसतो. आपण बिटला 'टिनिंग' करतो ते अगदी हेच. फ्लक्स ऑक्साईडचा थर काढतो आणि कथील धातूला धरतं. फक्त नवसागर बोर्डवर वापरायचा नाही, तो तांबं खातो. तारेत असलेला रोझिन फ्लक्स पुरे.

इथे आपल्याकडची एक जुनी सवय घात करते. साध्या आयर्नची बिट नुसत्या तांब्याची असायची. काळी पडली की कानस किंवा पॉलिश पेपर मारायचा, आतून नवं तांबं निघायचं. स्टेशनच्या बिटवर तांब्याभोवती लोखंडाचं पातळ प्लेटिंग असतं, कारण वितळलेलं कथील तांब्याला हळूहळू विरघळवतं. त्या प्लेटिंगवर एकदा कानस चालवली की आतलं तांबं उघडं पडतं आणि काही दिवसांत टोकाला खड्डा पडतो. मीही पहिली महागाची बिट अशीच घालवली. आता ओल्या स्पंजवर किंवा पितळी काथ्यावर पुसायची, आणि बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा ताजा थेंब ठेवायचा. गरज नसताना ४०० अंशांच्या वर न्यायची नाही.

तारेकडेही लक्ष द्या. कथील महाग, शिसं स्वस्त. म्हणून ४०/६० तार स्वस्त पडते, पण ती पूर्ण वितळायला २३८ अंशांच्या आसपास जावं लागतं. दोष मात्र बिचाऱ्या स्टेशनवर जातो. रीळवर ६०/४० की ४०/६० हे नीट वाचून घ्या.

आणि तब्येतीचं. सोल्डरचा धूर मुख्यतः रोझिनचा असतो, शिशाचा नव्हे, पण तोही रोज छातीत गेला तर दमा लावू शकतो. छोटा पंखा लावून धूर तोंडापासून दूर न्या. शिसं पोटात जातं ते हातावाटे, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाबिस्किटाला हात लावू नका. घरात लहान मुलं असतील तर टेबलावरचे सोल्डरचे बारीक गोळेही गोळा करून टाका.

मग घ्यायचं कोणतं?

*डिप्लोमाचा प्रोजेक्ट, आर्डुइनो, एलईडी, छोटे किट:* अर्थिंगच्या परीक्षेत पास झालेलं ९३६ पद्धतीचं स्टेशन पुरे. वाचलेल्या पैशांत दोन चांगल्या बिट घ्या. त्यातली एक चपटी, साधारण २.४ मिलिमीटरची. सुईसारखी टोकदार बिट दिसायला नेमकी वाटते, पण तिच्यातून उष्णता कमी उतरते. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी बिट बदलली की संपतात.

*पंपाचे कार्ड, इन्व्हर्टर, यूपीएस, चार्जर:* जाड ट्रॅक आणि मोठे पाय रोजचेच. इथे ७० वॅटचं टी१२ स्टेशन आणि रुंद बिट. माझ्या मते हौशी माणसाच्या पैशाचं सर्वांत जास्त मोल इथेच होतं.

*बॅटरीच्या जाड केबल, मोठे लग:* यासाठी ६० ते १०० वॅटचं साधं आयर्न आणि त्याची जाडजूड तांब्याची बिट अजूनही उत्तम. आठवतो ना बिडाचा तवा?

*मोबाईल दुरुस्ती किंवा सातपूर-अंबडसारख्या ठिकाणी रोजचं बोर्डाचं काम:* मोबाईलच्या बोर्डवरचं शिसं नसलेलं सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं, पार्ट अगदी लहान, आणि बोर्ड गिऱ्हाइकाचा. इथे अस्सल कंपनीचं स्टेशन घ्या. पंधरा हजारांचं स्टेशन वर्षाचे ३०० दिवस वापरलं तर पहिल्याच वर्षी रोजचे ५० रुपये पडतात. एक खराब झालेला बोर्ड त्यापेक्षा कितीतरी महाग. हेच स्टेशन शनिवार-रविवारच्या दोन तासांसाठी घेतलंत तर पैसे कपाटात पडून राहतील.

थोडक्यात, स्टेशन निवडताना तुमच्या कामातला सर्वांत जाड जोड डोळ्यांसमोर आणा. तो तीन-चार सेकंदांत होत असेल तर ते स्टेशन तुमच्यासाठी पुरेसं आहे, किंमत काहीही असो. होत नसेल तर आधी बिट बदलून बघा, मग तार, आणि मगच स्टेशन.

मामेभावाचं दुसरं कार्ड गेल्या उन्हाळ्यात आलं. तसाच रिले, तसाच जाड पाय. या वेळी टी१२ आणि रुंद बिट होती. चार सेकंदांत सोल्डर पाण्यासारखं पसरलं आणि पॅड जागच्या जागी राहिलं. कार्ड त्याच संध्याकाळच्या एसटीने निफाडला परत गेलं.